पांझरेकाठचा फड-विकी : प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२५

साक्री तालुक्यातल्या एका गावाच्या वाचनालयात आज पहिली बैठक झाली. पांझरा नदीवरच्या फड बागायतीबद्दल गावोगावच्या जाणत्यांकडे जे आहे ते मराठीत आणि अहिराणीत इंटरनेटवर एका ठिकाणी लिहून ठेवायचं, असं ठरलं. नानांनी एक अट घातली: ज्याला माहीत आहे त्याला आपलं म्हणणं स्वतः लिहिता आणि दुरुस्त करता आलं पाहिजे. नाना जुन्या पाटकऱ्यांच्या, म्हणजे पाटाचं पाणी वाटणाऱ्यांच्या, घरातले. त्यांच्याकडून ऐकून जाणारे बरेच येऊन गेले. पुढे ते कुठे छापलं आणि कसं छापलं, हे गावाला कधी कळलं नाही.

पुढे या कामात येणाऱ्यांसाठी थोडं लिहून ठेवतो. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघणारा पाट, पाटातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेतापर्यंत जाणारं पाणी अशी ही व्यवस्था आहे. उरलेलं पाणी पुन्हा नदीकडे काढून देण्याचीही सोय असते. पांझरा, मोसम आणि आरम या तापी खोऱ्यातल्या नद्यांवर ती तीन-चारशे वर्षांपासून चालत आली असं मानतात. पाट २ किलोमीटरपासून १२ किलोमीटरपर्यंत लांब असतो. भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा चार फड, म्हणजे भाग, पडतात, आणि एका फडात त्या वर्षी एकच पीक. ऊस कोणत्या फडात, हंगामी पीक कोणत्या, मोकळा कोणता ठेवायचा, हे गाव बसून ठरवतं. पाणी वाटायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. यातलं पुष्कळसं कधी कागदावर आलंच नाही. ते ज्यांच्या तोंडी आहे त्यांची वयं आता झाली आहेत, म्हणून ही घाई.

‘विकिपीडियावरच का नको?’ असं एका तरुण पोराने विचारलं. प्रश्न योग्य आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि तिथे फडावर नक्की लिहावं. पण तिथल्या मजकुराला प्रकाशित, तपासता येईल असा आधार लागतो. आमच्याकडे आहे ती तोंडी साक्ष. ती आधी कुठेतरी नावानिशी, तारखेनिशी नोंदली गेली पाहिजे. ते ‘कुठेतरी’ आपलं स्वतःचं हवं.

२५ जानेवारी

एका मंडळाने काही वर्षांपूर्वी खानदेशी म्हणी, शेतीचे शब्द आणि बंधाऱ्यांचे फोटो घालून वेबसाइट केली होती. ती वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या एका सॉफ्टवेअरवर, होती. पुढे डोमेनचे पैसे भरायचे राहिले, होस्टिंग बंद झालं आणि साइट गेली. त्यांच्यातल्या एका ताईंकडे ‘एक्सपोर्ट’ केलेली एक्सएमएल फाइल होती. ती आज त्यांनी आनंदाने दिली.

फाइल उघडली तर मजकूर जसाच्या तसा सापडला. शीर्षकं, तारखा, वर्गवारी, सगळं. फोटो मात्र एकही नाही. वर्डप्रेसच्या या एक्सपोर्टमध्ये चित्रं स्वतः नसतात, त्यांचे फक्त पत्ते असतात. नव्या साइटवर आयात करताना जुन्या चालू साइटवरून चित्रं ओढून घ्यायची, अशी ती रचना आहे. जुनी साइटच नसेल तर ओढणार कुठून? जुन्या साइटींच्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये थोडी चित्रं मिळाली, बहुतेक लहान आकारातली. बाकी गेली.

वर्डप्रेस चांगलंच आहे. २७ मे २००३ ला त्याची पहिली आवृत्ती आली आणि आज जगातल्या निम्म्या वेबसाइटी नाहीत तरी त्याच्या जवळपास त्यावर आहेत. पण या एका फाइलीने आमच्या कामाचा पहिला नियम लिहून दिला: सॉफ्टवेअर बंद पडलं, पैसे संपले, माणसं पांगली तरी मजकूर आणि चित्रं दोन्ही साध्या फाइलींमध्ये हाताशी राहिली पाहिजेत.

२ फेब्रुवारी

सॉफ्टवेअरची निवड. दिवसभर यावरच बोललो.

द्रुपल आणि जूमला लवकर बाजूला पडले. दोन्ही भक्कम आहेत, मुक्त स्रोत आहेत. द्रुपल २००१ पासूनचं, जूमला २००५ मध्ये मँबोपासून वेगळं झालेलं. पण एक संपादक मंडळ लिहितं आणि बाकीचे वाचतात, अशा साइटसाठी त्यांची बांधणी आहे. वर्डप्रेसचंही तेच. तिथे ‘कॉन्ट्रिब्युटर’ लिहू शकतो, पण लेख प्रसिद्ध झाला की स्वतःच्या लेखातली चूकही त्याला दुरुस्त करता येत नाही. जुन्या आवृत्त्या साठवल्या जातात, पण त्या आतल्या माणसांनाच दिसतात. आम्हाला हवं होतं उलटं. कोणी काय बदललं, कधी बदललं, आधी काय होतं, हे वाचणाऱ्यालाही दिसलं पाहिजे. वॉर्ड कनिंगहॅमने २५ मार्च १९९५ ला पहिला विकी, म्हणजे वाचणाऱ्यालाही बदलता येणारी साइट, सुरू केला तेव्हापासून पान वाचणाऱ्याच्या हातातच ‘संपादन’ आहे. नानांची अट म्हणजे नेमकं हेच.

मग विकी चालवणारी दोन सॉफ्टवेअर उरली: मीडियाविकी आणि डोकुविकी.

मीडियाविकीच्या बाजूने पुष्कळ आहे. विकिपीडिया त्यावर चालतो. ट्रान्सलेटविकी या अनुवादाच्या साइटवर स्वयंसेवकांनी त्याचा मराठी अनुवाद केलेला आहे. ‘अलीकडील बदल’, ‘चर्चा’, ‘साचा’, ‘वर्ग’ सगळं मराठीत दिसतं. एका गावात पाट म्हणतात, दुसऱ्यात कालवा. मीडियाविकीत एका ओळीने एक पान दुसऱ्याकडे वळवता येतं, डोकुविकीत त्यासाठी प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, घालावं लागतं. १.४३ ही दीर्घकाळ आधार असलेली आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये आली आहे, म्हणजे २०२७ अखेरपर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतील.

तरी डोकुविकी घ्यायचं ठरलं. कारण डेटाबेस. मीडियाविकीचा सगळा मजकूर डेटाबेसच्या तक्त्यांमध्ये राहतो. मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइट, काहीही घेतलं तरी तो बाहेर काढायला जाणकार लागतो. २००४ मध्ये आंद्रेआस गोर यांनी डोकुविकी लिहिलं ते डेटाबेसशिवायच. एक पान म्हणजे एक टेक्स्ट फाइल. ‘पेजेस’ फोल्डरमध्ये चालू पानं, ‘मीडिया’मध्ये चित्रं, ‘ॲटिक’मध्ये जुन्या आवृत्त्या दाबून ठेवलेल्या. पेन ड्राइव्हवर फोल्डर उतरवलं की संपूर्ण विकी आला. उद्या आमच्यापैकी कोणी नसलं, तरी गावातलं दहावीचं पोर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचू शकेल. माझ्या मते या एका गोष्टीपुढे मीडियाविकीच्या बाकीच्या सोयी हलक्या पडतात. हजारो पानं आणि शेकडो लेखक असते तर मी उलटं म्हटलं असतं.

वेळ आली तर पॅनडॉक नावाचं सॉफ्टवेअर डोकुविकीची मांडणी वाचून मीडियाविकीत बदलून देतं. परतीचा रस्ता बंद नाही.

९ फेब्रुवारी

होस्टिंगवर डोकुविकी बसवलं. पहिलं लांब नावाचं पान करून पाहिलं आणि लगेच अडलं. ही नोंद सविस्तर लिहितो, कारण मराठीत विकी करणाऱ्या प्रत्येकाला हे लागणार आहे.

डोकुविकी पानाच्या नावावरूनच फाइलीचं नाव ठेवतं. मूळ सेटिंगमध्ये देवनागरी चिन्हं टक्क्याच्या खुणांमध्ये बदलून लिहिली जातात. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइटचं, आणि प्रत्येक बाइट टक्का अधिक दोन अंक-अक्षरं असा लिहिला की एका चिन्हाच्या जागी ९ अक्षरं होतात. इथे चिन्ह म्हणजे मात्रा, अनुस्वार आणि हलन्तसुद्धा. लिनक्सवर फाइलीचं नाव जास्तीत जास्त २५५ बाइटचं असू शकतं.

आता ‘बंधाऱ्याच्या वार्षिक दुरुस्तीचा खर्च’ हे नाव घ्या. रिकाम्या जागा सोडून ३३ चिन्हं. नऊने गुणलं की २९७. फाइल तयारच होत नाही. मराठी नाव साधारण पंचवीस-सव्वीस चिन्हांच्या पुढे गेलं की हीच गत. इंग्रजी नावांना ही अडचण जन्मात येणार नाही, म्हणून इंग्रजी मदतपानं वाचताना ती नजरेतही भरत नाही.

उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये फाइलनावाची पद्धत ‘यूटीएफ-८’ करायची. मग तेच नाव ९९ बाइट अधिक दोन खालच्या रेघांत बसतं, आणि फोल्डर उघडलं की फाइलींची नावं सरळ मराठीत वाचता येतात. मात्र हे अगदी सुरुवातीला करायचं. पानं झाल्यावर बदललं तर जुन्या नावांच्या फाइली विकीला सापडत नाहीत.

१० फेब्रुवारी

सेटिंग बदललं. लांब नावाची पानं नव्याने करून, बदलून, चित्रं चढवून पाहिलं. चालतं.

२३ फेब्रुवारी

‘चाऱ्या’ या नावाची दोन पानं तयार झाली. डोळ्यांना अगदी सारखी. एका पानावर वरच्या अंगाच्या गावाची माहिती, दुसऱ्यावर खालच्या अंगाची. शोधात एक सापडलं की दुसरं सापडत नव्हतं.

मूळ कीबोर्डमध्ये आहे. ‘चाऱ्या’ मधला अर्धा र मराठीत दोन प्रकारे टंकला जातो. काही कीबोर्ड त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त देतात. काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह देतात. पडद्यावर दोन्हीकडे एकच आकृती उमटते, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडचं नेहमीचं एकरूपीकरणही या दोघांना एक करत नाही. आपल्या विषयात तर हे अक्षर जागोजागी: चाऱ्या, बंधाऱ्याचा, पाटकऱ्यांचा, शेतकऱ्यांना. दुर्लक्ष करून भागणारं नाही.

ठरवलं ते असं. ‘ऱ’ असलेलं रूप प्रमाण मानायचं. रोज रात्री एक छोटी स्क्रिप्ट सगळ्या पानांत आणि नावांत दुसरं रूप शोधते, आणि सापडलं की यादी काढते. आपोआप बदलत नाही. बदल माणूस करतो, म्हणजे इतिहासात कारणासकट नोंद राहते. टेक्स्ट फाइली असल्याचा इथेही फायदा झाला. शोधायला दहा ओळी पुरल्या.

शोधाबद्दल एक. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो, त्यामुळे ‘फड’ शोधलं की ‘फडाला’, ‘फडातलं’ सापडत नाही. डोकुविकीत शब्दाच्या शेवटी तारा दिला की पुढचं काहीही चालतं: ‘फड*’. ‘पाणी’साठी ‘पाण*’ द्यावं लागतं, नाहीतर ‘पाण्याची पाळी’ हातून सुटते. शोधाच्या चौकटीखाली ही सूचना ठळक लिहून ठेवली.

१६ मार्च

वाचनालयात पहिली लेखन बैठक. खालच्या गावचे आप्पा, नाना, दोन शिक्षक, कॉलेजची मुलं. मुलं मोबाइलवर बोलून मजकूर उतरवतात. मराठी बोलणं बरंचसं नीट उमटतं, अहिराणी बोललं की यंत्र ओढून-ताणून मराठी करतं. अहिराणी मजकूर हातानेच टंकायचा, हे आज पक्कं झालं.

डोकुविकी एका वेळी एकालाच पान संपादायला देतं. कोणी पान उघडून बसलं की ते १५ मिनिटं कुलूपबंद राहतं. एकाच टेबलाभोवती बसून सगळे ‘बंधारा’ हेच पान भरायला गेले तेव्हा खोळंबा झाला. पान फोडलं: बांधणी, दुरुस्ती, दगड आणि चुना, पुरानंतरची कामं. प्रत्येकाला आपलं पान मिळालं, आणि खरं सांगायचं तर मांडणीही त्यामुळे नेटकी झाली. दुरुस्तीच्या पानावर नानांनी घरटी माणूस कसा द्यायचे, न देणाऱ्याचं काय व्हायचं, हे सलग सांगितलं. असं पान मी आजवर कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

५ एप्रिल

दोन गावांचं जुळत नाही. पाण्याची पाळी पाटाच्या शेंड्याकडून सुरू व्हायची की मुखाकडून, यावर नाना एक सांगतात आणि खालच्या गावचे आप्पा दुसरं. आप्पांनी पान वाचलं आणि सरळ म्हणाले, “आमना गावमा आसं नही शे.” मग त्यांनी स्वतः बसून, नातवाकडून टंकून घेत, आपलं लिहिलं.

चांगलंच झालं. असा प्रसंग येणारच होता आणि आधी येऊन गेला ते बरं. कोण बरोबर, हे ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही. दोन्ही बरोबर असू शकतात, प्रत्येक बंधाऱ्याचं पाणी आणि उतार वेगळा. म्हणून साचा बदलला. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी गाव, सांगणाऱ्याचं घराणं किंवा काम, आणि ऐकल्याची तारीख. ‘पांझरेवर अशी पद्धत आहे’ असं सरसकट वाक्य कुठेही लिहायचं नाही. जुनी वाक्यं शोधून सुधारली. जुन्या आवृत्त्या इतिहासात आहेतच.

परवान्याचं बोलणंही याच बैठकीत झालं. क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘श्रेय आणि समान वाटणी’ परवाना, आवृत्ती ४.०. म्हणजे कोणीही हा मजकूर घेऊ शकतो, छापू शकतो, विकूही शकतो. पण श्रेय दिलं पाहिजे, आणि त्यात भर घालून केलेलं पुढचं कामही याच अटींवर खुलं ठेवलं पाहिजे. विकणाऱ्याचं ऐकून दोघं-तिघं गप्प झाले. मी घाई केली नाही, होणारे परिणाम पुन्हा समजावले. शेवटी एक आजी म्हणाल्या, ज्याने नेलं त्याने गावाचं नाव सांगावं, एवढंच. त्याप्रमाणे श्रेयाच्या ओळीत प्रकल्पाच्या आधी गावाचं नाव घातलं. ज्यांना स्वतःचं नाव नको त्यांचं लिहिलं नाही. फोन नंबर कोणाचाच नाही.

अलीकडच्या पुस्तकांतून परिच्छेद उचलायचे नाहीत, हेही मुलांना सांगितलं. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा १२ वा खंड १८८० चा आहे, तो मोकळा. त्यातले सिंचनाचे उतारे अनुवाद करून वेगळ्या विभागात ठेवायचे. ते राज्यकर्त्यांच्या नजरेतून लिहिलेलं आहे, गावच्या सांगण्यात मिसळायचं नाही.

२ मे

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या. झोक्यांची गाणी चालू असतानाच ताईंनी बायकांबरोबर दोन दुपारी काढल्या, आणि विकीत आजवर नसलेलं पुष्कळ आलं. उसाच्या फडात लागवडीला आणि निंदणीला कोणाच्या टोळ्या जायच्या, मजुरी धान्यात कशी मिळायची, पाटाच्या पाण्यावर धुण्याची जागा कोणती आणि ती कोणी ठरवली. एवढे दिवस आम्ही फक्त पुरुषांना विचारत होतो आणि ‘पाणी वाटप’ या पानावर अडकलो होतो. ही माहिती वगळून फडाचं चित्र अर्धंच राहिलं असतं.

गाणी अहिराणीत, तशीच ठेवली. अहिराणीसाठी वेगळं नामविश्व, म्हणजे विकीतला वेगळा कप्पा, केलं, म्हणजे त्या पानांचं प्रमाण मराठीत ‘शुद्धलेखन’ करायला कोणी जाणार नाही. नामविश्वाच्या पहिल्या पानावर तशी सूचना आहे.

८ जून

उन्हाळ्यात वीज वारंवार गेली. वाचनालयातल्या जुन्या संगणकावर डेबियन ही लिनक्स प्रणाली घालून विकीची दुसरी प्रत ठेवली आहे, तिला काही झालं नाही. रोज रात्री मजकुराचं फोल्डर गिटमध्ये (बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नोंदलं जातं आणि चित्रं आरसिंकने (फाइलींच्या प्रती करणाऱ्या सॉफ्टवेअरने) या संगणकावर येतात. इंटरनेट नसलं तरी वाचनालयात बसून विकी वाचता येतो.

डोकुविकीची ‘लायब्ररियन’ ही नवी आवृत्ती मे महिन्यात आली. आधी वाचनालयाच्या प्रतीवर चढवून पाहिली, मग मुख्य ठिकाणी. नव्या फाइली जुन्यांवर पसरायच्या, नको झालेल्या फाइलींची यादी सोबत येते त्या काढायच्या. प्लगइन जितकी कमी तितकं हे काम हलकं. आमच्याकडे पान वळवण्याचं तेवढं एक आहे, आणि दुसरं घालायला माझा ठाम नकार आहे. सोयीसाठी घातलेलं प्लगइन त्याच्या लेखकाने सोडून दिलं की पुढच्या आवृत्तीला आख्खा विकी अडतो.

३ ऑगस्ट

श्रावणातली खानदेशची कानबाई देवी बसली. सुरत, नाशिक, पुण्याकडे गेलेली घरं गावात परत आली. वाचनालयाच्या दारावर विकीचा पत्ता लावला होता. बरेच जण मोबाइलवर बघत उभे राहिले, आपल्या आजोबांचं सांगणं आहे का ते शोधत. सुरतेला राहणाऱ्या एका काकांनी तिथल्या तिथे नोंदणी करून आपल्या फडातल्या जुन्या विहिरीवर चार ओळी लिहिल्या. नवख्या माणसाची पहिली भर लगेच दिसते, मात्र ‘अलीकडील बदल’ रोज एकजण वाचतो. ही पाळी आता मुलांनी आपसांत लावून घेतली आहे.

कागदावरही मागणी आली. सगळ्या पानांची एक बांधीव प्रत काढायची, एक वाचनालयात आणि एक धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला द्यायची, असं ठरतंय. १९२७ पासून जुने कागद जपणारी ती संस्था आहे. त्यांच्याशी बोलणं व्हायचं आहे.

१४ सप्टेंबर

आज परत उभारणीची चाचणी घेतली. पेन ड्राइव्हवरची प्रत आणि लिहून ठेवलेली एक पानी सूचना कॉलेजच्या दोन मुलांच्या हाती दिली. आम्ही कोणी मदत केली नाही. त्यांनी कोऱ्या संगणकावर पीएचपी आणि डोकुविकी बसवलं, फोल्डर जागेवर ठेवलं, शोधाची अनुक्रमणी नव्याने करून घेतली आणि जेवणाच्या आत विकी उभा राहिला. ‘चाऱ्या’, ‘पाण्याची पाळी’, झोक्यांची गाणी, सगळं इतिहासासकट. सूचनेत एक पायरी त्यांना अपुरी वाटली, फोल्डरच्या परवानग्या देण्याची. ती त्यांनीच विकीवर दुरुस्त केली.

डोमेनचं नूतनीकरण आता वाचनालयाच्या नावावर आहे. ते कोणा एकाच्या खात्यावर ठेवलेलं नाही. प्रशासकाचं लॉगिन तिघांकडे.

पुढचं काम नकाशाचं. चालू आणि मोडलेले बंधारे ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांना भर घालता येणाऱ्या नकाशावर बांध म्हणून टिपायचे, पाट आणि चाऱ्या आखायच्या, आणि प्रत्येक ठिकाणाहून विकीच्या पानाकडे दुवा द्यायचा. पाऊस ओसरला की वरच्या अंगाच्या बंधाऱ्यापासून सुरुवात. नाना सोबत येणार आहेत.